रस्सीखेच की रापण? 'टीम बिल्डिंग'वरचं संशोधन वाचताना

पेट झाली, गाईड मिळाले, कोर्सवर्कही संपत आलं. आता सिनॉप्सिस. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं शीर्षक मला न विचारताही माहीत आहे: 'अमुक जिल्ह्यातील अमुक संस्थांमधील कर्मचाऱ्यांचे टीमवर्क : एक चिकित्सक अभ्यास'. विषय वाईट नाही. दिवसाचे आठ-दहा तास आपण ज्या माणसांबरोबर काढतो, त्यांच्यासोबत काम नीट होतं की नाही, हा प्रश्न कुणालाही पडावा असाच आहे.

अडचण येते ती लिटरेचर रिव्ह्यूला. या विषयात तीन नावं हमखास भेटतात: रिंगलमन, टकमन आणि एडमंडसन. प्रत्येकाला एकेक परिच्छेद, शेवटी वर्ष, की आपण पुढच्या प्रकरणाकडे वळलो. ही कामं कुणावर झाली, त्यात काय मोजलं, काय मोजलंच नाही, हे बघायला कुणाला वेळ नसतो. 'चिकित्सक' हा शब्द शीर्षकातच राहून जातो.

आज या तिघांची थोडी चिकित्सा करूया. त्यासाठी शेजारी एक खरीखुरी कामाची जागा ठेवू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. ती जागा म्हणजे देवबागच्या किनाऱ्यावरची रापण.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. माणसं एकत्र कशी ओढतात, हे टीमवरच्या संशोधनाने खूप बारकाईने पाहिलं. ओढून आलेलं ती कशी वाटून घेतात, हे मानाने फारच कमी पाहिलं. टीम मजबूत का होते याचं निम्मं उत्तर त्या वाटणीत असतं. ते सोडून दिलं की आपली प्रश्नावली कर्मचाऱ्यांच्या स्वभावाभोवती फिरत राहते.

रापण म्हणजे काय?

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. देवबाग ही मालवण तालुक्याच्या दक्षिण टोकाची चिंचोळी पट्टी. एका अंगाला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, टोकाला दोघांचा संगम आणि पलीकडे वेंगुर्ला तालुक्यातलं भोगवे. उत्तरेला तारकर्ली. आज हा भाग स्कूबा, बोटींग आणि घरगुती निवास यांसाठी माहीत असला, तरी त्याच्या आधीपासून इथलं पोट मासेमारीवर चाललं आहे.

रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात ठेवून होडी समुद्रात जाते. अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि ओढायला सुरुवात होते. ओढता ओढता दोन्ही गट एकमेकांकडे सरकत जातात आणि शेवटी जाळ्याचं पोट वाळूवर येतं. तारली, पेडवे, बांगडे, नशीब असेल ते. मोठ्या रापणीला चाळीस-पन्नास हातही लागतात. तांडेल असतो, होडीवर जाणारे असतात, किनाऱ्यावर ओढणारे असतात. आलेल्या मासळीचे पैसे वाट्यांनी वाटले जातात. जाळ्याचा आणि होडीचा वाटा वेगळा निघतो, कष्टाचा वेगळा. नेमके आकडे संघागणिक बदलतात. वाट्याला मालवणीत 'वाटो' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक तांत्रिक गोष्टही आत्ताच समजून घ्या. दोन्ही बाजूंनी सारख्या गतीने ओढावं लागतं. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं आणि मागे पडलेल्या बाजूने मासळी निसटते. जाळ्याची खालची कड तळाला लागून राहावी लागते, नाहीतर मासळी खालून जाते. म्हणजे कुणी एकाने जीव तोडून जास्त ओढलं तर फायदा होईलच असं नाही, नुकसानही होऊ शकतं.

रिंगलमन : दोर तोच, मोजमाप वेगळं

माक्सिमिलियाँ रिंगलमन हे फ्रान्समधले शेती अभियांत्रिकीचे प्राध्यापक. १८८० च्या दशकात त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली आणि ते काम १९१३ मध्ये छापलं. त्यांच्या नावाने पाठ्यपुस्तकांत फिरणारा तक्ता तुम्ही पाहिला असेल. एकट्या माणसाची ताकद १०० धरली, तर दोघांत ती माणशी ९३, तिघांत ८५, चौघांत ७७ आणि आठ जणांत ४९ उरते. आपण लगेच निष्कर्ष काढतो: गट मोठा झाला की माणसं अंग चोरतात.

इथे थांबा. रिंगलमन यांचा मूळ प्रश्न माणसाच्या आळसाचा नव्हताच. बैल, घोडे, माणसं आणि यंत्रं यांच्याकडून शेतीत काम कसं कार्यक्षमतेने होईल, हा त्यांचा प्रश्न होता. घट का होते याचं त्यांनी दिलेलं मुख्य कारण होतं ताळमेळ न जमणं: सगळ्यांचे झटके एकाच क्षणी पडत नाहीत. शेजारचा ओढतोय म्हणून आपण नुसता हात लावायचा, हेही त्यांनी नोंदवलं. त्याचं उदाहरण त्यांनी दिलं ते तुरुंगातल्या कैद्यांचं, पिठाची गिरणी फिरवणाऱ्या. बरीच वर्षं लोक मूळ लेख न वाचताच त्यांचा हवाला देत राहिले. १९८६ मध्ये क्रॅव्हिट्झ आणि मार्टिन यांनी मूळ फ्रेंच लेख शोधून त्यात खरं काय आहे ते मांडलं. दुय्यम संदर्भावर विसंबण्याबद्दल गाईड ओरडतात तेव्हा हे प्रकरण आठवा.

पुढे १९७४ मध्ये इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी एक हुशार प्रयोग केला. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला दोरावर सगळ्यात पुढे उभं केलं. मागे उभे असलेले लोक फक्त ओढण्याचं सोंग करत होते. म्हणजे ताळमेळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही मागे माणसं आहेत असं वाटलं की पुढच्याचा जोर कमी झाला. १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच दाखवलं आणि त्याला नाव मिळालं 'सोशल लोफिंग', आपल्या भाषेत सामूहिक अंगचोरी. १९९३ मध्ये काराऊ आणि विल्यम्स यांनी ७८ अभ्यास एकत्र करून पाहिले. काम महत्त्वाचं वाटत असेल, प्रत्येकाचा हातभार ओळखू येत असेल, गट आपला वाटत असेल, तर अंगचोरी कमी होते.

यात खोटं काही नाही. पण हे सगळं रापणीजवळ नेऊन ठेवा. पहिला फरक मोजमापाचा. प्रयोगात जास्तीत जास्त जोर म्हणजे चांगलं काम. रापणीत समान गती म्हणजे चांगलं काम. डायनॅमोमीटर लावला असता तर बऱ्याच वेळा माणशी जोर कमीच भरला असता आणि आपण लिहिलं असतं, 'रापणकर अंगचोर आहेत'. रस्सीखेचीच्या खेळात दोन गट एकाच दोरावर एकमेकांविरुद्ध ओढतात, तिथे जोर मोजणं योग्य आहे. रापणीत दोन गट एकच जाळं ओढतात. टीम बिल्डिंगच्या शिबिरांत अजूनही रस्सीखेच खेळवली जाते. त्याऐवजी दोन्ही टोकं एकाच वेळी किनाऱ्याला लावा असं सांगितलं, तर काही शिकायला तरी मिळेल.

दुसरा फरक जास्त मोठा. प्रयोगातल्या माणसाला दोर ओढून मिळायचं काय? प्रयोग संपला की तो घरी. जोर जास्त लावला म्हणून त्याच्या ताटात जास्त काही पडत नव्हतं, कमी लावला म्हणून उपाशीही राहत नव्हता. रिंगलमन यांच्या कैद्यांचं तर विचारूच नका. दळलेलं पीठ त्यांचं नव्हतं. अशा ठिकाणी माणूस अंग राखून काम करतो, याला स्वभावदोष म्हणायचं की साधा व्यवहार?

तुमच्या सिनॉप्सिससाठी यातून निघणारा प्रश्न असा: तुमचं डिपेंडंट व्हेरिएबल काय आहे? 'टीमची कामगिरी' असं लिहून भागणार नाही. कुणाच्या दृष्टीने कामगिरी? जोर की समतोल? आणि कामगिरी वाढली तर ती कुणाच्या ताटात पडणार?

टकमन : चार पायऱ्या, पण कुणाच्या?

ब्रूस टकमन यांचा १९६५ चा लेख म्हणजे या विषयातली पाठ केलेली कविता. गट आधी जमतो, मग भांडतो, मग नियम बसतात, मग काम होतं. इंग्रजीत चारही शब्द यमकात आहेत, त्यामुळे पाठ होतात. १९७७ मध्ये जेन्सन यांच्याबरोबर त्यांनी पाचवी पायरी जोडली, गट विसर्जित होण्याची.

टकमन यांनी स्वतः कुठल्याही ऑफिसात जाऊन टीम पाहिल्या नव्हत्या. त्यांनी आधी छापून आलेले ५० लेख वाचून त्यांतून एक क्रम काढला. ते लेख मोठ्या प्रमाणात मानसोपचाराच्या गटांवरचे आणि मानवी संबंधांच्या प्रशिक्षण गटांवरचे होते, काही प्रयोगशाळेतल्या आणि नैसर्गिक गटांवरचे. उपचार गटांचा भरणा जास्त आहे, ही मर्यादा त्यांनी स्वतःच लेखात लिहून ठेवली आहे. ती मर्यादा आपण गाळली आणि चार शब्द तेवढे ठेवले.

उपचाराच्या गटात काय असतं? एकमेकांना न ओळखणारी माणसं एका खोलीत येतात, कुणीतरी तज्ज्ञ समोर असतो, सगळ्यांचा प्रवेश साधारण एकाच दिवशी होतो. आता देवबागची रापण आठवा. ती कुठल्या सोमवारी 'जमली'? बापाच्या जागी मुलगा येतो, एखादा मुंबईला नोकरीला जातो, एखादा पर्यटकांच्या बोटीवर लागतो, एखादा परततो. माणसं बदलतात, गट चालूच असतो. आणि भांडण ही इथली दुसरी पायरी नाही. भांडण वाटणीच्या वेळी होतं, जाळं फाटल्यावर दुरुस्तीचा खर्च कुणी उचलायचा यावर होतं, आणि होत राहतं. त्यातून बाहेर पडायला आधीच ठरलेला नियम लागतो. नियम बसला म्हणून भांडण कायमचं संपत नाही, पण भांडण झालं तरी उद्या पहाटे होडी पाण्यात जाते.

आपल्याकडच्या खऱ्या कामाच्या जागा बघा. एसटीचा डेपो, जिल्हा परिषदेची शाळा, सहकारी पतसंस्था, ग्रामीण रुग्णालय. यांतल्या किती टीम शून्यापासून जमतात? बदली होऊन एक माणूस येतो, एक जातो. अशा ठिकाणी प्रश्नावली घेऊन 'तुमची टीम सध्या कोणत्या पायरीवर आहे?' असं विचारलं, तर लोक भिडेखातर काहीतरी खूण करतील आणि आपण त्याचा पाय चार्ट काढू. मॉडेल चुकीचं ठरणार नाही, कारण आपण त्याला चुकायची संधीच दिलेली नसेल.

एडमंडसन : यांना श्रेय द्यायलाच हवं

तिसरं नाव एमी एडमंडसन. त्यांच्या १९९९ च्या लेखात एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास आहे. त्यांची कल्पना अशी: आपण प्रश्न विचारला, चूक कबूल केली, शंका काढली तर टीममध्ये आपला पाणउतारा होणार नाही, असा भरवसा जिथे असतो तिथे टीम शिकते. याला त्यांनी 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' म्हटलं. आपण 'बोलण्याची मोकळीक' म्हणू.

त्याच्या आधीचं त्यांचं काम संशोधन शिकणाऱ्यांसाठी जास्त मोलाचं आहे. रुग्णालयांतल्या विभागांत औषध देण्यातल्या चुका त्या मोजत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे आले उलटे: चांगल्या टीममध्ये चुका जास्त! त्यांनी आकडे फेकून दिले नाहीत. विचार केला की चांगल्या टीम कदाचित जास्त चुका करत नसतील, जास्त चुका सांगत असतील. अपेक्षेविरुद्ध आकडा आला की सॅम्पल बदलायला धावणाऱ्यांनी हे काम जरूर वाचावं.

पुढे गूगलने २०१२ पासून आपल्या १८० टीमचा अभ्यास केला आणि टीममध्ये कोण कोण आहे यापेक्षा ती माणसं एकमेकांशी कशी वागतात हे महत्त्वाचं, असा निष्कर्ष जाहीर केला. यादीत पहिलं नाव याच मोकळिकीचं. तेव्हापासून हा शब्द प्रत्येक शिबिरात ऐकू येतो.

रापणीला हा प्रश्न विचारला तर उत्तर सोयीचं येत नाही. समुद्रावर तांडेलाचा शब्द शेवटचा. लाट कशी आहे, जाळं कधी सोडायचं, हे बहुमताने ठरत नाही, आणि ठरूही नये. पण किनाऱ्यावर? ज्याचा जाळ्यात वाटा आहे तो बोलतो. जो फक्त रोजावर किंवा मासळीच्या वाणोळ्यावर दोराला हात लावतो, तो कितपत बोलतो? मासळी बाजारात नेऊन विकण्याचं काम बहुतेक ठिकाणी बायका करतात. भाव पडला तर त्याची झळ त्यांना पहिली लागते. जाळं कधी घालायचं, कुणाला विकायचं, या निर्णयात त्यांचा आवाज किती? एडमंडसन यांच्यामुळे आपल्याला हे प्रश्न विचारता येतात. म्हणून त्यांचं काम मला तिघांत सगळ्यात उपयोगी वाटतं.

तक्रार एवढीच की बोलण्याची मोकळीक ही जणू मॅनेजरच्या वागण्यातून येते, असा तिचा प्रसार झाला. मॅनेजरने हसून बोलावं, 'माझंही चुकतं' असं म्हणावं, की मोकळीक आली. वाटेकरी माणूस बोलतो तो तांडेल हसला म्हणून नव्हे. उद्या त्याला सहज काढून टाकता येत नाही म्हणून बोलतो. अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या कर्मचाऱ्याला मॅनेजर कितीही गोड असला तरी नवव्या महिन्यात तोंड उघडताना विचार करावा लागतो. तुमच्या सॅम्पलमध्ये कायम आणि कंत्राटी दोन्ही कर्मचारी असतील आणि तुम्ही त्यांची सरासरी एकत्र काढली, तर नेमकी हीच गोष्ट सरासरीत बुडेल.

वाटो

आता तो लक्षात ठेवलेला शब्द.

जे. रिचर्ड हॅकमन आयुष्यभर टीमवर संशोधन करत होते. ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या १२० वरिष्ठ व्यवस्थापन टीम पाहिल्या. 'तुमच्या टीममध्ये कोण कोण आहे?' या साध्या प्रश्नावर सदस्यांचं एकमत झालं अशा टीम १० टक्क्यांहूनही कमी होत्या. रापणीत हा गोंधळ परवडत नाही. वाटा द्यायचा असल्यामुळे कोण आत आणि कोण बाहेर हे माहीत असावंच लागतं. मदतीला धावून दोराला हात लावणाऱ्यालाही मूठभर मासळी मिळते, पण ती वाट्याहून वेगळी आहे हे देणाऱ्यालाही कळतं आणि घेणाऱ्यालाही. इथे टीमची सीमा वाटणीने आखली जाते.

या दिशेचं संशोधन झालेलंच नाही असं मी म्हणत नाही. रूथ वेजमन यांनी १९९५ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या तंत्रज्ञांच्या १५० टीम अभ्यासल्या. काम आणि मोबदला पूर्ण सामूहिक होता तिथे काम चांगलं झालं, पूर्ण वैयक्तिक होता तिथेही ठीक झालं. अर्धं हे, अर्धं ते, अशा मिश्र टीम मागे पडल्या. आपल्या ऑफिसांत काय चालतं? काम 'टीमवर्क'ने करा म्हणून सांगायचं आणि वार्षिक मूल्यमापन एकेकट्याचं करायचं, तेही एकमेकांशी तुलना करून.

आणि एलिनॉर ऑस्ट्रम. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९० च्या पुस्तकात त्यांनी सामायिक साधनं वर्षानुवर्षं टिकवणाऱ्या लोकांचे नियम तपासले. तुर्कस्तानातल्या अलान्या इथले मच्छिमार मासेमारीच्या जागांसाठी दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकत आणि मग रोज एकेक जागा पुढे सरकत, म्हणजे चांगली जागा सगळ्यांच्या वाट्याला येई. ऑस्ट्रम यांनी काढलेल्या तत्त्वांत पहिलं आहे स्पष्ट सीमा, दुसरं आहे कष्ट आणि मिळकत यांचा मेळ. मग नियम ठरवण्यात सहभाग, देखरेख, चुकल्यास पायरीपायरीने शिक्षा, भांडण मिटवण्याची स्वस्त सोय. मॅनेजमेंटच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हे पुस्तक क्वचित दिसतं, कारण ते 'टीम'च्या कप्प्यात ठेवलेलं नाही. ग्रंथालयाच्या कप्प्यांवर आपल्या प्रश्नाची हद्द ठरू देऊ नका.

मजबूत टीम आणि रिकामं जाळं

इथवर वाचून 'चला, कंपन्यांनी रापणीकडून शिकावं' असं वाटलं असेल, तर जरा सबूर. रापणीचं कौतुक करून थांबलो तर तीही एक शिबिराची गोष्टच होईल.

रापण मासळीच्या मागे जाऊ शकत नाही. थवा किनाऱ्याजवळ आला तरच तिला मिळतो. पर्ससीन जाळं मात्र समुद्रात थव्याला गाठून वेढा घालतं. थवा तिथेच संपला तर किनाऱ्यावरच्या पन्नास माणसांचा ताळमेळ कितीही सुरेख असला तरी जाळं रिकामं येणार. सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छिमारांचा संघर्ष याच मुद्द्यावर आहे. राज्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ पासून आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींनंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर मुदतीची आणि क्षेत्राची बंधनं आली. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. अंमलबजावणीबद्दलच्या तक्रारी मात्र थांबलेल्या नाहीत. ऑस्ट्रम यांचं सातवं तत्त्व हेच सांगतं: लोकांनी आपसांत केलेली व्यवस्था टिकायची, तर बाहेरच्या सत्तेने तिला मान द्यावा लागतो.

आता कल्पना करा, उद्या एखादा संशोधक देवबागला येतो, रापणकरांना टीमवर्कची पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली देतो, उत्पन्न घटल्याचं पाहतो, आणि शिफारशींच्या प्रकरणात लिहितो: 'सदस्यांसाठी संवाद कौशल्याचे प्रशिक्षण आयोजित करावे.' हसू येतं ना? पण माणसं कमी असलेल्या रुग्णालयातल्या नर्सेसवर, एकाच शिक्षकावर चार वर्ग चालणाऱ्या शाळेवर, टार्गेट दुप्पट केलेल्या बँक शाखेवर आपण हीच शिफारस लिहीत असतो. जाळं रिकामं आलं की दोष ओढणाऱ्यांचा. माझा या संशोधनावरचा मुख्य आक्षेप हा आहे. टीम हे एकक घेतलं की टीमबाहेरची कारणं आपोआप चौकटीबाहेर जातात, आणि ती चौकट आपण आखली आहे हे आपणच विसरतो. अशा शिफारशी कुणीतरी वाचतं, त्यावर पैसे खर्च होतात, आणि माणसं वाढवून मागणाऱ्या नर्सला शिबिराचं प्रमाणपत्र मिळतं.

मग सिनॉप्सिसमध्ये काय करायचं?

तीन गोष्टी करता येतील, आणि त्यासाठी वेगळं फंडिंग लागत नाही.

पहिली, प्रत्येक संदर्भासमोर वहीत तीन रकाने करा: कुणावर केलं, काय मोजलं, त्या माणसांना त्यातून काय मिळणार होतं. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहील. तो रिकामा रकाना म्हणजेच तुमचा रिसर्च गॅप असू शकतो.

दुसरी, प्रश्नावलीच्या आधी चार दिवस नुसतं बसून बघा. पगारपत्रक कसं निघतं, रजा कोण मंजूर करतं, श्रेय कुणाच्या नावावर जातं, चूक कुणाच्या. 'माझ्या टीममध्ये परस्पर विश्वास आहे' या वाक्यासमोर १ ते ५ पैकी काय लिहिलं, यापेक्षा यातून जास्त कळेल. कायम, कंत्राटी, रोजंदारी यांची उत्तरं वेगवेगळी मांडा.

तिसरी, टीमच्या बाहेरचं निदान एक तरी कारण अभ्यासात घ्या: मनुष्यबळ, कामाचा बोजा, नियम, बाजार. ते घेतल्यावर 'संवाद' आणि 'विश्वास' यांचा परिणाम किती उरतो, ते तपासा. उरला तर तुमचा निष्कर्ष जास्त भक्कम होईल. नाही उरला तर तुम्हाला खरं काहीतरी सापडलं.

आणि हे सगळं आपल्यालाही लागू आहे, कारण संशोधन गटही एक कामाची जागाच आहे. डेटा एकाने गोळा केला, विश्लेषण दुसऱ्याने केलं, लेख तिसऱ्याने लिहिला, आणि पेपरवर नावं लावायच्या दिवशी घोळ झाला, अशा गोष्टी तुम्ही सीनियर्सकडून ऐकल्याच असतील. आपला वाटो म्हणजे लेखकत्व. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने त्यासाठी चार निकष घालून दिलेत, आणि कुणी काय काम केलं हे १४ भूमिकांत नोंदवण्याची 'क्रेडिट' नावाची पद्धत आता अनेक नियतकालिकं वापरतात. दोन्ही वाचा. मग डेटा गोळा करायला निघण्याआधी गाईड आणि सहकाऱ्यांसमोर एक कागद ठेवा: कोण काय करणार, नाव कोणत्या क्रमाने येणार, कुणी मध्येच सोडून गेलं तर काय. विचारायला अवघड वाटतं, मला माहीत आहे. 'सर, पहिल्या पेपरच्या नावांचं आधीच लिहून ठेवूया का?' एवढं एकच वाक्य आहे. पहिल्या महिन्यात ते बोलणं जमतं. तिसऱ्या वर्षी, पेपर तयार असताना, फार जड जातं.

होडी पाण्यात लोटण्याआधी रापणकरांना आपला वाटा माहीत असतो. तुमच्या सिनॉप्सिसमधल्या कर्मचाऱ्यांना तो माहीत आहे का, हा प्रश्न प्रश्नावलीत पहिल्या पानावर घाला.